नांदणे आणि नांदवणे

मुलगी सासरी निघाली की वडीलधारी माणसे ‘नांदा सौख्यभरे’ असा आशीर्वाद देतात. नर्मदा ओलांडून माळव्यात, गुजरातेत, किंवा दक्षिणेस हैदराबादेपर्यंत गेलेल्या मराठी घराण्यांनी इतर पुष्कळ गोष्टी वाटेत सोडल्या, पण हा आशीर्वाद मात्र सोडला नाही. लग्नपत्रिकेवर आता दोन दोन भाषा आल्या, जेवणाच्या पंगती गेल्या, तरी हे दोन शब्द राहिले. आशीर्वादाचे क्रियापद अनेकवचनी आहे, म्हणजे तो उभयतांना दिलेला आहे. व्यवहारातील मराठी मात्र या क्रियापदाची वाटणी वेगळ्या प्रकारे करते. स्त्री नांदते आणि पुरुष तिला नांदवतो. ‘तो नांदत नाही’ असे कोणी म्हणत नाही. ‘ती नांदत नाही’ असे सहज म्हटले जाते. दीर्घ संसारातील समतेचा विचार करू लागलो, की आम्हांस प्रथम या वाटणीपाशीच थांबावे लागते.

विवाहविधीतही हीच वाटणी दिसते. कन्यादानाच्या वेळी वधूपिता वराकडून वचन घेतो की धर्म, अर्थ आणि काम या तिन्ही बाबतींत तो हिला डावलून वागणार नाही. वर ‘नातिचरामि’ असे उत्तर देतो. वचन उदात्त आहे यात शंका नाही. परंतु ते दोन पुरुषांत होते. जिच्याविषयी होते ती शेजारी बसून ऐकते, आणि संस्कृत असल्यामुळे बहुधा समजत नसलेले ऐकते. पुढे सप्तपदीत अन्न, बळ, धन, सुख, संतती आणि ऋतू अशी सहा पावले पडल्यावर सातवे पाऊल सख्याचे असते. म्हणजे सख्य अखेरीस येते, आधीच्या सहा पावलांची मजल झाल्यावर येते. हा क्रम ज्या कोणी लावला त्याला संसाराची जाण होती, असेच म्हटले पाहिजे. मात्र ती पावले टाकणारी वधू एकोणिसाव्या शतकात आठ-दहा वर्षांची असे, आणि तिच्या मुखी स्वतःचे असे एकही वचन नसे.

वधूच्या मुखी वचन घालण्याचे काम महात्मा जोतीराव फुले यांनी केले. 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पुरोहितावाचून पहिला सत्यशोधक विवाह पुण्यात लागला. जोतीरावांनी रचलेल्या विवाहविधीत वधू वराला उघड सांगते की स्त्रियांना स्वातंत्र्याचा अनुभव नाही, त्यांचे हक्क तू मान्य करणार असशील तर तशी शपथ घे. आणि वर सर्वांसमक्ष तशी शपथ घेतो. मराठीत, सर्वांना समजेल अशा भाषेत, वधूने अट घालावी आणि वराने ती मान्य करावी, ही आमच्या मते त्या शतकातील फार मोठी घटना होय.

आणि हे नवे वचन रचणाऱ्या पुरुषाचे स्वतःचे लग्न जुन्याच वचनावर झालेले होते. 1840 साली जोतीराव तेरा वर्षांचे आणि सावित्रीबाई नऊ वर्षांच्या असताना तो विवाह झाला. पुढे मुलींना शिकवण्याच्या कामापायी 1849 मध्ये दोघांनाही घर सोडावे लागले. मूल झाले नाही. दुसऱ्या लग्नाचा आग्रह झाला असता जोतीरावांनी तो मानला नाही. एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. 28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेपुढे विस्तवाचे मडके, ज्याला टिटवे म्हणतात, ते स्वतः सावित्रीबाईंनी धरले. पन्नास वर्षांपूर्वी त्यांनी कोणतेही वचन उच्चारले नव्हते. जे उच्चारले गेले नव्हते ते पन्नास वर्षांत दोघांनी मिळून निर्माण केले, आणि मग इतरांच्या लग्नासाठी ते शब्दांत मांडले.

परंतु हा मार्ग फार थोड्यांनी धरला. उरलेल्या समाजात नांदणे हे स्त्रीचे कर्तव्य आणि नांदवणे हा पुरुषाचा अधिकार होता, आणि त्या अधिकाराला सरकारी न्यायालयाचेही बळ होते. रखमाबाईंचा खटला त्याची साक्ष आहे. अकराव्या वर्षी त्यांचा विवाह दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. त्या मात्र आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच वाढल्या आणि शिकल्या. 1884 साली दादाजींनी पत्नीने नांदावयास यावे म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलानंतर खटला पुन्हा चालला आणि 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंनी नवऱ्याकडे जावे, अन्यथा सहा महिने तुरुंगवास भोगावा, असा निकाल दिला. तुरुंग पत्करू, पण जाणार नाही, ही त्यांची भूमिका कायम राहिली. अखेर 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

‘पदरी पडले पवित्र झाले’ ही म्हण आपण मोठ्या कौतुकाने वापरतो. एकमेकांचे दोष पोटात घालून संसार करावा, हा उपदेशही प्रत्येक लग्नघरात होतो. त्यात खोटे काही नाही. पण जिला नाकारण्याची मोकळीकच नाही, तिने स्वीकारले म्हणजे काय केले, हा प्रश्न रखमाबाईंनी उभा केला, आणि तो आजही बाजूस सारता येत नाही. वडोदऱ्याच्या वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट ही, की या प्रश्नाचे कायद्यातील उत्तर देणाऱ्यांत त्यांचे संस्थान फार पुढे होते. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत 1904 साली बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा आला आणि 1931 मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. सबंध देशासाठी तशी तरतूद करणारा हिंदू विवाह कायदा येण्यास 1955 साल उजाडले. दार उघडे असल्यामुळे घरे मोडतात, अशी भीती तेव्हाही घातली जात होती. आम्हांस वाटते, दार उघडे असताना जो राहतो त्याच्याच राहण्याला ‘स्वीकार’ हा शब्द शोभतो.

तरीही ज्या काळी दार बंद होते त्या काळी काही दांपत्यांनी बंद दाराआड समता कशी घडवली, हे पाहण्याजोगे आहे. सुदैवाने त्याची साक्ष खुद्द स्त्रियांच्या लेखणीतून मिळते. मराठीत अशी तीन पुस्तके आहेत, आणि जुन्या मराठी घरांच्या कपाटांतून त्यांतले एखादे तरी असतेच. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ 1910 मध्ये आले, लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 ते 1936 या काळात आली, आणि आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांचे ‘माझे पुराण’ 1944 मध्ये. तिन्ही नवरे समाजाने मोठे मानलेले. तिन्ही बायकांनी त्या मोठेपणाची घरातील बाजू पाहिलेली.

न्यायमूर्ती रानडे यांच्या दुसऱ्या संसाराची सुरुवातच एका मोडलेल्या शब्दाने झाली. पहिली पत्नी 1873 मध्ये वारली, तेव्हा विधवाविवाहाचा पुरस्कर्ता हा एकतीस वर्षांचा विद्वान आता विधवेशीच लग्न करील अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले आणि अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले. टीका पुष्कळ झाली आणि ती अनाठायी नव्हती. या मुलीलाच पुढे रमाबाई म्हणून महाराष्ट्र ओळखू लागला. रानड्यांनी तिला स्वतः शिकवावयास घेतले. घरातील वडील बायकांना ते रुचले नाही; रमाबाईंना टोमणे, अबोला, कामाचा जाच सोसावा लागला, आणि पतीचा सल्ला असे की उलट उत्तर न देता शांतपणे सोसावे. बाहेर समाजाशी वाद घालणारा पुरुष घरातील वाद मात्र पत्नीच्या सहनशीलतेवर सोपवत होता, हे आजच्या वाचकाच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही.

रमाबाईंच्या लक्षात ते आले नसेल काय? त्यांच्या पुस्तकात पतीचा उल्लेख ‘स्वतः’ असा येतो. नाव नाही, आडनाव नाही, फक्त ‘स्वतः’. इतक्या आदरातून दोष दाखवणे शक्यच नव्हते. परंतु त्यांनी जे घडले ते जसेच्या तसे लिहून ठेवले: लग्नाच्या वेळचे पतीचे दुःख, घरातील छळ, आपले रडणे, रात्री उशिरापर्यंतचा अभ्यास. दोष दाखवला नाही, पण झाकलाही नाही. 1901 मध्ये रानडे गेल्यावर त्या स्वतः सार्वजनिक कामात उतरल्या. मुंबईत 1908 साली आणि पुण्यात 1909 साली सेवासदन उभे राहिले त्यात त्यांचा मोठा वाटा होता. समतेची शपथ न घेताच पतीने अक्षरे दिली आणि त्या अक्षरांतून समता पुढे आपोआप निघाली, असे या संसाराचे स्वरूप होते. तिला फळ येण्यास मात्र पती हयात नव्हते.

महर्षी कर्वे यांचे तसे नव्हते. रानड्यांना जे जमले नाही ते त्यांनी केले. 11 मार्च 1893 रोजी त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि त्यापायी गावचा बहिष्कार सोसला. गोदूबाई, म्हणजे बाया, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी. ही वयात आलेली, स्वतःच्या मनाने होकार दिलेली वधू होती. इथे तरी ‘नातिचरामि’ पुरे पाळले गेले असेल असे वाटावे. पण कर्व्यांना 1896 पासून आश्रमाचा ध्यास लागला. मिळकत आश्रमाकडे, वेळ आश्रमाकडे, विम्याची पॉलिसीही आश्रमाकडे. आश्रमाने पुनर्विवाहाचा प्रचार करू नये हे संस्थेचे धोरण ठरले, आणि त्यामुळे पुनर्विवाहित पत्नीचे आश्रमातील स्थानच अवघड झाले. अर्थाच्या बाबतीत डावलणार नाही, हे वचन एका अत्यंत निःस्वार्थी पुरुषाने मोडले, आणि निःस्वार्थापायीच मोडले.

बायांनी ते निमूटपणे सोसले नाही. मुलांचे पुढे काय, हा प्रश्न त्या विचारीत राहिल्या. सुईणीचे शिक्षण घेऊन त्यांनी संसाराला हातभार लावला. ‘माझे पुराण’ वाचताना पतीविषयीची तक्रार आणि पतीच्या कामाविषयीचा अभिमान एकाच पानावर सापडतो, आणि त्यांतला एकही खोटा वाटत नाही. ज्या आश्रमाने घरातील पैसा नेला त्याच आश्रमासाठी त्या पुढे स्वतः वर्गणी मागत दारोदार हिंडल्या. हे दोष पोटात घालणे नव्हे. दोष बोलून दाखवायचा, त्याची झळ आपल्या कष्टाने कमी करायची, आणि माणसाला मात्र सोडायचे नाही, असा हा तिसराच मार्ग आहे. महर्षी पुढे एकशे चार वर्षे जगले. बाया 1950 मध्ये गेल्या तोवर सत्तावन्न वर्षांचा हा संसार भांडत आणि एकमेकांना धरून चालला.

लक्ष्मीबाई टिळक यांची कथा या दोहोंहून कठीण. नारायण वामन टिळक यांच्याशी त्यांचा विवाह झाला तेव्हा त्या अकरा वर्षांच्या. माहेरी सोवळ्याचा अतिरेक, सासरी सासऱ्यांचा ताप. टिळक बुद्धिमान, कवी, उदार आणि तितकेच लहरी. एका जागी पाय ठरत नसे. मुरबाड, नागपूर, राजनांदगाव अशी बिऱ्हाडे हलत. न सांगता निघून जावे, रागाच्या भरात काहीही करावे, हातचा पैसा मागेल त्याला द्यावा. छत्तीसगडातील राजनांदगावाच्या वाटेवर आगगाडीत एका युरोपीय मिशनऱ्याशी त्यांचे बोलणे झाले, त्याने दिलेले ‘बायबल’ त्यांनी वाचले, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पत्नीला विचारून नव्हे, बरोबर घेऊनही नव्हे. धर्माच्या बाबतीत डावलणार नाही, हे पहिलेच वचन त्या दिवशी मोडले. टिळकांची श्रद्धा खरी होती, आणि तिच्यासाठी त्यांनी पुष्कळ गमावले, हे मान्य करूनही ते मोडले असेच म्हणावे लागते. लक्ष्मीबाईंच्या पदरात तेव्हा लहानगा दत्तू होता.

जवळजवळ पाच वर्षे दोघे वेगळे राहिले. नातलगांच्या आधाराने लक्ष्मीबाईंनी दिवस काढले. काही काळ पंढरपुरातही गेला. पुढे त्या अहमदनगरला आल्या, पण आपले सोवळे घेऊन आल्या; वेगळे बिऱ्हाड, वेगळी चूल, वेगळे पाणी. टिळकांनी हे चालू दिले. जो मनुष्य रोजच्या व्यवहारात क्षणाचाही धीर धरू शकत नसे त्याने पत्नीच्या श्रद्धेच्या बाबतीत वर्षानुवर्षे धीर धरला, तिच्यावर धर्मांतराची सक्ती केली नाही. मोडलेल्या वचनाची ही एक प्रकारची भरपाई होती. लक्ष्मीबाईंनी जातिभेद आधी टाकला, तोही स्वतःशी विचार करून: माणसे घडवताना देवाने जाती घडवल्या असतील काय, या साध्या प्रश्नाचे उत्तर स्वतःला देऊन. ख्रिस्ती धर्म त्यांनी नंतर, 1900 साली स्वीकारला.

ही पाच वर्षे लक्ष्मीबाईंनी कशी लिहिली आहेत ते पाहावे. पतीला त्या ‘टिळक’ म्हणतात. ‘इकडून’ नाही, ‘स्वतः’ नाही, सरळ आडनाव. ज्या पिढीत पतीचे नाव उखाण्याखेरीज तोंडी येत नसे त्या पिढीतील ही स्त्री, शंभर जागी टिळक रागावले, टिळक विसरले, टिळक निघून गेले, असे लिहिते आणि वाचकाला हसवते. त्याच हाताने ती स्वतःलाही सोडत नाही; आपले भाबडेपण, आपले सोवळे, आपला हट्ट, यांची थट्टा ती पतीच्या थट्टेइतकीच मनापासून करते. आमच्या मते या पुस्तकाचे खरे सामर्थ्य इथे आहे. दोन्ही पारड्यांत दोष सारख्याच हाताने टाकले आहेत. दुसऱ्याचे दोष पोटात घालणारा मनुष्य नकळत वरच्या पायरीवर उभा राहतो. दोघांचेही दोष एकाच सुरात सांगणारा मात्र बरोबरीच्या पायरीवर असतो.

टिळक 1919 च्या मे महिन्यात गेले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी आरंभिले होते, त्याचे जेमतेम अकरा अध्याय झाले होते. उरलेले साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या धर्मासाठी पतीने एकदा टाकून दिले, त्याच धर्माचे काव्य, लग्नाच्या वेळी धड अक्षरओळखही नसलेल्या बाईने पुरे करीत आणावे, यात सप्तपदीचे सातवे पाऊल आम्हांस दिसते. पतीने टाकलेली पावले संपली होती. उरलेली चाल तिची एकटीची होती, आणि पायवाटही आता तिचीच झाली होती. 1936 च्या फेब्रुवारीत त्यांचा अंत झाला.

ही तीन घरे थोरांची म्हणून त्यांची नोंद राहिली. सामान्य घरांतील नोंद कुठे आहे? आपल्यापैकी पुष्कळ घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापले आहेत. मूळ पुरुष कोकणातून वा देशावरून केव्हा निघाला, शिंदे, होळकर वा गायकवाड यांच्या पदरी त्याला कोणते काम मिळाले, वाडा कधी बांधला, वतन कधी गेले, हे सर्व त्यांत बारकाईने असते. सुनेच्या वाट्याला बहुधा एक ओळ येते: माहेरचे नाव, माहेरचे गाव, मुले किती. पन्नास-साठ वर्षे तिने ज्याच्याबरोबर काढली त्याच्याविषयी तिचे मत काय होते, त्या गृहस्थाने तिच्यापुढे कधी माघार घेतली काय, कोणती गोष्ट तिने अखेरपर्यंत मान्य केली नाही, यांचा उल्लेख नसतो. तिने सर्वांचे सारे सोसले, इतकेच गौरवाने लिहिलेले असते. असा गौरव वाचला की आम्हांस रखमाबाई आठवतात, आणि हे सोसणे स्वीकाराचे होते की निरुपायाचे, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर देणारे दोघेही आता नसतात.

ज्या घरांत ऐंशी-नव्वदीची जोडपी आज आहेत तेथे ते उत्तर अजून मिळू शकते. सहस्रचंद्रदर्शनाच्या किंवा लग्नाच्या साठाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने आपण त्यांच्यावर अक्षता टाकतो, छायाचित्रे काढतो, गौरवाची भाषणे करतो. त्याबरोबर दोघांना वेगवेगळे बसवून दोन-चार गोष्टी विचाराव्यात आणि त्या मराठीतच उतरवून घ्याव्यात, अशी आमची सूचना आहे. एकमेकांच्या कोणत्या सवयीचा सर्वाधिक त्रास झाला. तो बोलून दाखवला तेव्हा काय झाले. कोणता शब्द पाळला गेला नाही, आणि मग त्याची भरपाई कशी झाली. आजोबांनाही हे विचारले पाहिजे, कारण आजींच्या हट्टापायी, अबोल्यापायी त्यांनी काय सोसले हेही कुलवृत्तांतात नसते. सर्वच उत्तरे गोड येणार नाहीत. काही आजी हसतील, काही विषय बदलतील, एखादी साठ वर्षांनी प्रथमच रागावेल. जसे येईल तसे लिहावे आणि कुलवृत्तांताच्या पुढील आवृत्तीत त्या एका ओळीच्या जागी घालावे.